तळ्याची चौथी बाजू

बाईंच्या पर्समध्ये रुमाल, चाव्या आणि सुकी मांदेली असायची. मांदेली माणसांसाठी नव्हती. बाई पर्स टेबलावर ठेवायच्या तेव्हा शिक्षकखोलीतलं कुणी ना कुणी उठून खिडकी उघडायचं. बाईंना ते दिसायचं, पण त्यांनी पर्स कधी दुसरीकडे ठेवली नाही.

बोईसरच्या त्या शाळेत मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायला लागले तेव्हा माझं लग्न होऊन सहा महिने झाले होते. नवरा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. आम्ही दोघंही सांगोल्याकडचे. माझ्या माहेरी पाणी टँकरनं यायचं, त्यामुळे पाण्यात काही राहतं, खातं, शिकार करतं हे मला फक्त पुस्तकातून माहीत होतं. बाई जीवशास्त्र शिकवायच्या. वय पंचावन्नच्या पुढे, लग्न केलेलं नाही, माकुणसारला भावाच्या घरी राहायच्या. आम्हा सगळ्यांना त्या विषयाच्या नावानं हाक मारत. मी केमिस्ट्री. गणिताच्या सरांना "अहो गणित, खडू द्या जरा" असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू नसायचं, म्हणून सरही गपचूप खडू द्यायचे.

मांदेली खाणारे प्रयोगशाळेत, खिडकीशी लावलेल्या काचेच्या बरण्यांमध्ये राहायचे. पाणभुंगेरे. अंगठ्याच्या पेराएवढे, हिरवट काळे, कडेनं पिवळी किनार. पहिल्या आठवड्यात बाईंनी मला स्टूल दिलं आणि बरणीसमोर बसवलं.

"किती वेळ बसू?"

"कंटाळा येऊन निघून जाईपर्यंत."

वर्गातल्या मुलांनाही त्या हेच करायला लावत. चाळीस मिनिटं बोलायचं नाही, फक्त बघायचं आणि मग लिहायचं. "भुंगेरा फार सुंदर आहे" असं लिहिणाऱ्याला शून्य. "मागचे दोन्ही पाय एकदम मारतो, वल्ह्यासारखे" असं लिहिणाऱ्याला दहापैकी दहा. कुणी काहीही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "पाहिलंस की ऐकलंस?" हा प्रश्न त्या मुलांना विचारत, मुख्याध्यापकांना विचारत, आणि शिक्षकखोलीत कुणाच्या घरच्या भानगडी निघाल्या तरी विचारत. मग भानगडी तिथंच थांबत.

मी पाहिलं. भुंगेरा तळाशी मांदेलीचा तुकडा कुरतडत होता. मग तो सुटला, वर आला आणि डोकं खाली, शेपूट वर असा पाण्याच्या पृष्ठभागाला टांगून राहिला.

"श्वास घेतोय," बाई मागून म्हणाल्या. "पाठीवरच्या कडक पंखांखाली हवा भरून घेतो आणि खाली जातो. हवा संपली की परत वर. पाण्यात राहतो, पण पाण्यात चालेल असं नाक त्याला नाही."

शेजारच्या बरणीत त्याची अळी होती. बोटाएवढी लांब, कोयत्यासारखे दोन जबडे. बाईंनी तिच्या पाण्यात बेडकाचं पिल्लू सोडलं. अळी हललीसुद्धा नाही. पिल्लू जवळून गेलं आणि जबडे मिटले. ते जबडे आतून पोकळ असतात. त्यातून ती भक्ष्याच्या अंगात पाचक रस सोडते आणि विरघळलेलं सगळं ओढून घेते. पाऊण तासात पिल्लाची नुसती कातडी उरली. मी स्टूल मागे सरकवलं.

"तुझ्या विषयाचंच आहे की हे सगळं," बाई म्हणाल्या आणि मला पाणी आणून दिलं.

शाळेच्या आवारात बाईंची स्कूटर लगेच ओळखू यायची, कारण तिच्या सीटवर आणि पुढच्या चकचकीत पत्र्यावर गोणपाट बांधलेलं असायचं. हे भुंगेरे उडतात, एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जातात. चमकणारं काही दिसलं की त्यांना ते पाणी वाटतं. एकदा बाईंच्या स्कूटरवर तीन भुंगेरे आपटून मेले. त्या दिवसापासून गोणपाट आलं. मुख्याध्यापकांच्या नव्या गाडीच्या टपावरही गोणपाट घालावं, असा एक लेखी अर्ज त्यांनी दिला होता. तो फेटाळला गेला. बाईंनी दुसऱ्या वर्षी पुन्हा दिला.

दिवाळीच्या सुट्टीत बाई नात्यातल्या एका लग्नाला गेल्या आणि बरण्या माझ्यावर सोपवून गेल्या. मला वाटलं, भुंगेरे उडून जातील. म्हणून मी मोठी बरणी काठोकाठ भरली आणि झाकण घट्ट लावलं. तिसऱ्या दिवशी पाच भुंगेरे तळाशी पाय आखडून पडले होते. पाण्यातला किडा पाण्यातच बुडून मेला, हे समजायला मला अर्धा तास लागला.

बाई आल्या तेव्हा मी रडतच सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांची एक जाड वही होती, त्यात दर आठवड्याची मोजदाद असायची. ती उघडून त्यांनी लिहिलं आणि वही माझ्याकडे फिरवली. "बरणी काठोकाठ भरली. हवा राहिली नाही. पाच मेले. चूक माझी. सांगितलं नव्हतं."

"चूक माझी आहे, बाई."

"तुला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. ज्याला माहीत, त्याची चूक."

या वाक्यानं पुढे त्यांचीच झोप उडवली.

ती मोजदाद व्हायची ते तळं मासवणच्या बाजूला एका गावात होतं. गावाचं नाव सांगत नाही. डोंगराच्या पायथ्याला, चारी बाजूंनी मातीचे काठ, एका अंगाला लव्हाळं माजलेलं. बाई दर रविवारी सकाळी तिथं जायच्या. साडी गुडघ्यापर्यंत वर खोचून, कॅनव्हासचे बूट घालून, पिठाची चाळणी हातात घेऊन पाण्यात शिरायच्या. चाळणीत येईल ते मोजायचं, लिहायचं, परत सोडायचं. गावातल्या बायका धुणं धुता धुता विचारायच्या, "बाई, आज किती गावलं?" बाई आकडा सांगायच्या. इतकाच त्यांचा गावाशी संबंध. एकवीस वर्षांचा.

एका पावसाळ्यात त्यांना कळलं की तळ्याचं सुशोभीकरण होणार. चारी बाजूंनी सिमेंटच्या पायऱ्या, कठडा, बाकडी. बाई मला घेऊन ग्रामपंचायतीत गेल्या. वाटेत त्यांनी मुद्दे पाठ केले होते. ही अळी पाण्यात वाढते, पण कोष पाण्यात करत नाही. पूर्ण वाढली की काठावर चढते, ओल्या मातीत सुपारीएवढी पोकळी करते आणि तिथं कोषात जाते. चारी बाजूंनी सिमेंट झालं तर तिला चढायला माती नाही. एका वर्षात सगळं संपेल.

सरपंचताई पस्तिशीतल्या. शेतातून थेट आल्या होत्या, पायाला चिखल होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"झालं तुमचं?" त्या म्हणाल्या. "आता माजं ऐका. तुमाला किड्यांची काळजी हाय. चांगलं हाय. माजी मोठी पोर आदल्या पावसाळ्यात एका शनवारी त्याच काठावरून घसरली. भांडी घासत व्हती. नऊ वर्षांची. मी म्हनून सरपंचाला उबी राह्यले. पायऱ्या करायच्या म्हनून. दुसरं काय करायचं नव्हतं मला."

बाई उठल्या, त्यांना हात जोडले आणि बाहेर आल्या.

परत येताना त्यांनी स्कूटर रस्त्याच्या कडेला थांबवली, पिशवीतून वही काढली आणि मागची पानं चाळायला लागल्या. एका पानावर बोट ठेवून मला दाखवलं. "पाणी गढूळ. काठावर गर्दी. मोजणी केली नाही." आदल्या पावसाळ्यातला रविवार.

"त्या पोरीला काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिथं उभी होते, केमिस्ट्री. गर्दी का आहे ते विचारलं नाही. लिहून परत आले."

"तुम्हाला काय माहीत, बाई?"

"माहीत करून घेतलं नाही. ते आणखी वाईट."

आठवडाभर वही कपाटातच राहिली. मला वाटलं, आता तळ्याचा विषय संपला. पुढच्या रविवारी मात्र त्या मला घेऊन पुन्हा सरपंचताईंच्या दारात उभ्या राहिल्या.

"तीन बाजूंना पायऱ्या करा," बाई म्हणाल्या. "कठडा करा. धुण्याची बाजू तर आधी करा. लव्हाळ्याची चौथी बाजू तेवढी मातीची ठेवा. तिथं कुणी धुवायला जात नाही. बांबूचं कुंपण मी घालून देते, पोर आत जाणार नाही असं."

"आनी कुंपन मोडलं तर?"

"म्हणून दुसरंही करते. गावातल्या पोरींना पोहायला शिकवते."

सरपंचताईंनी बाईंकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमाला येतं?"

"नाही," बाई म्हणाल्या. "शिकते."

मी हसले असते, पण बाईंचा चेहरा पाहून हसू आलं नाही. एकवीस वर्षं त्या गुडघाभर पाण्याच्या पुढे गेल्या नव्हत्या. त्यांना खोल पाण्याची भीती वाटायची, हे त्यांनी मला त्या दिवशी परतताना सांगितलं.

शिकवणाऱ्या त्यांच्या वहिनी होत्या. साठी उलटलेल्या, पालघरकडच्या माहीमच्या, लहानपणापासून पाण्यातल्या. माकुणसारच्या वाडीत त्यांची मोठी विहीर, पावसानं तोंडापर्यंत भरलेली. वहिनींनी दोन सुके नारळ दोरीनं बांधून बाईंच्या छातीखाली अडकवले आणि म्हणाल्या, "सोड काठ." बाईंनी काठ सोडला नाही. वहिनींनी बोटं एकेक करून सोडवली. काठावर कमरेला दोरी बांधून मी उभी, दोरीचं दुसरं टोक बाईंच्या कमरेला. त्या बुडाल्या असत्या तर मीही आत गेले असते आणि मला तर नारळाशिवाय तरंगायचंही ठाऊक नव्हतं.

पहिले पंधरा दिवस त्या नुसतं पाणी प्यायल्या. हातपाय झोडायच्या, खोकायच्या, वर यायच्या, डोळे पुसून परत आत. एक दिवस गाल सोलवटून शाळेत आल्या, विहिरीच्या दगडावर आपटल्या होत्या. गणिताचे सर म्हणाले, "बाई, या वयात कशाला?" बाई म्हणाल्या, "याआधी केलं नाही म्हणून."

मग एका सकाळी विहिरीत त्यांनी हातपाय मारायचं एकदम थांबवलं. नारळांवर गप्प पडून राहिल्या. मी घाबरून दोरी ओढायला लागले.

"ओढू नकोस. विचार करतेय." थोड्या वेळानं म्हणाल्या, "मी एकेक पाय मारतेय. तो दोन्ही एकदम मारतो."

त्यांनी गुडघे पोटाशी घेतले आणि दोन्ही पाय एकदम मागे फेकले. हातभर पुढे सरकल्या. पुन्हा फेकले. वहिनी काठावरून ओरडल्या, "अगं बाई, ही गेली बघ!" बाई विहिरीच्या पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकल्या आणि तिथून मला म्हणाल्या, "एकवीस वर्षं डोळ्यांसमोर होतं, गाढवाला दिसलं नाही." गाढव म्हणजे त्या स्वतः.

पावसाळा ओसरल्यावर ग्रामसभा भरली, गावातल्या शाळेच्या ओसरीत. बाईंनी सोबत डासांच्या अळ्यांनी वळवळणारं पाणी आणलं होतं, बरणीत. सभा सुरू होताना त्यांनी त्यात पाणभुंगेऱ्याच्या दोन अळ्या सोडल्या आणि बरणी मध्ये ठेवून दिली, काही न बोलता. नळपट्टी, रस्ता, अंगणवाडीचं छप्पर असे विषय होत गेले, आणि लोकांची नजर बरणीकडे जात राहिली. तळ्याचा विषय निघेपर्यंत निम्म्याहून जास्त पाणी स्वच्छ झालं होतं.

एक म्हातारे गृहस्थ उठले. "बाई, हे किडं मासळीची पिल्लं बी खातात. मी पाह्यलंय."

"खातात," बाई म्हणाल्या. "खोटं बोलणार नाही. बारीक पिल्लं खातात. मासेही त्यांना खातात. तुमच्या लहानपणापासून दोघं या तळ्यात आहेत. मासळी संपली का?"

म्हातारे विचार करून म्हणाले, "नाय," आणि बसले.

मग बाईंनी स्टीलचा डबा उघडला. आत ओल्या मातीचं ढेकूळ होतं, त्या सकाळीच तळ्याच्या काठावरून काढलेलं. त्यांनी ते अलगद दोन भाग करून उघडलं. आत गुळगुळीत पोकळी आणि त्यात पांढरा, मऊ कोष. डोळे दिसत होते, पाय पोटाशी घडी घातलेले. बाईंनी तो सरळ सरपंचताईंच्या पुढे नेला. त्यांनी तळहात पुढे केला. कोष हातावर किंचित हलला.

"जिता हाय," सरपंचताई हळूच म्हणाल्या.

"आठ-दहा दिवसांत भुंगेरा होऊन पाण्यात जाईल. ही माती मिळाली म्हणून."

तो हातावर घेऊन त्या बराच वेळ बसल्या. मग त्यांनी कोष परत मातीत ठेवला आणि ग्रामसेवकांना म्हणाल्या, "लिवा. तीन बाजू पायऱ्या, चौथी मातीची, कुंपनासकट. आनी हे पन लिवा. आठ वर्षांवरच्या सगळ्या पोरींना बाई पोवायला शिकवतील. ठरावात लिवा, नायतर उद्या विसरतील."

"मी विसरत नाही," बाई म्हणाल्या.

"तरी लिवा."

होळीच्या आधी काम सुरू झालं. ठेकेदाराचा नकाशा जुनाच होता, चारी बाजूंचा. बाईंना गावातून फोन आला तेव्हा त्या बारावीच्या मुलांच्या प्रयोगवह्या तपासत होत्या. त्यांनी वह्यांचा गठ्ठा तसाच स्कूटरवर ठेवला, मला मागे बसवलं आणि निघाल्या. लव्हाळ्याच्या बाजूला जेसीबी येऊन उभा होता. बाईंनी जवळच्या घरातून प्लास्टिकची खुर्ची मागून आणली, जेसीबीच्या दातांसमोर मांडली, छत्री उघडली आणि वह्या तपासायला बसल्या.

चालक तिकडचा, उत्तरेचा पोरगेला माणूस. खाली उतरून हात जोडून म्हणाला, "मैडम, हट जाइए ना. हमको ऊपर से ऑर्डर है."

"ऊपर से किसका? कागज़ दिखाओ."

"कागज़ तो सेठ के पास है."

"तो सेठ को बुलाओ. मैं बैठी हूँ."

शेठ आला नाही. ऊन चढलं. मी म्हटलं, बाई, सावलीत चला, मी बसते. त्या म्हणाल्या, "तुझ्या वह्या तपासून झाल्या?" दुपारी चालकानंच आम्हाला स्वतःच्या डब्यातली रोटी आणि लोणचं दिलं. बाईंनी त्याला बदल्यात एक तास पाणभुंगेऱ्यांबद्दल सांगितलं, मोडक्यातोडक्या हिंदीत. तो म्हणाला त्याच्या गावीही असतात, पोरं त्यांना दोऱ्यानं बांधतात. बाई म्हणाल्या, घरी फोन केलास की पोरांना सांग, बांधायचे नाहीत.

तीन वाजता सरपंचताई आल्या. पालघरला कुठल्याशा बैठकीला गेल्या होत्या, निरोप मिळताच मिळेल त्या रिक्षानं आल्या होत्या. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी ठरावाची प्रत काढली, चालकाच्या फोनवरून ठेकेदाराला फोन लावला आणि ठराव अक्षर न् अक्षर वाचून दाखवला. पलीकडून काहीतरी बोलणं झालं. सरपंचताई म्हणाल्या, "बरं दिसत नाय, तर नको दिसू दे. मी तो जीव हातावर धरलाय. मशीन मागं घ्या."

मशीन मागे गेलं.

त्या पावसाळ्यानंतर तळ्याला तीन बाजूंनी पायऱ्या होत्या. चौथ्या बाजूला माती, लव्हाळं, बांबूचं कुंपण. ऑक्टोबरच्या एका सकाळी बाईंनी मला कुंपणाच्या आत नेलं आणि काठावरची माती दाखवली. ठिकठिकाणी बारीक ढेकळं उचललेली होती, खाली अळ्या शिरल्याच्या खुणा. बाईंनी मोजल्या. मग कॅनव्हासचे बूट काढले आणि पलीकडे, धुण्याच्या बाजूला गेल्या. तिथं पायऱ्यांवर अकरा मुली नारळांच्या जोड्या बांधून ओळीनं बसल्या होत्या.

त्यात सरपंचताईंची धाकटी मुलगी, कविता होती. आता ती नऊ वर्षांची झाली होती. तिचं नाव आईनंच यादीत पहिलं घातलं होतं, पण आई स्वतः कधी यायची नाही. पायऱ्यांचं उद्घाटन झालं तेव्हाही त्या वरच उभ्या राहिल्या, एकही पायरी उतरल्या नाहीत.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मात्र त्या आल्या. कविता त्या दिवशी पहिल्यांदा नारळ न बांधता तळं पार करणार होती. तिचा फ्रॉक हातात धरून त्या काठावर उभ्या राहिल्या. कविता पाण्यात शिरली, मागोमाग बाई. मुलगी दोन्ही पाय एकदम फेकत पुढे जात होती, बाई हातभर अंतरावर, तिला हात न लावता. मध्यावर कविता थांबली आणि एकदा खाली गेली. बाई थांबल्या, पण पुढे झाल्या नाहीत. मुलगी वर आली, खोकली आणि परत पाय मारायला लागली.

सरपंचताई काठावरून चालायला लागल्या होत्या. कडेकडेनं, डोळे पाण्यावर, फ्रॉक छातीशी. मुलगी चौथ्या बाजूला पोचली तेव्हा त्याही तिथं पोचल्या होत्या. कविता चिखलात उभी राहिली, दातांवर दात वाजत होते. आईनं कुंपणाची दोरी सोडली, आत जाऊन तिला फ्रॉकनं पुसलं. डोकं पुसलं, मान पुसली, पुन्हा डोकं पुसलं. बाई लव्हाळ्यात कमरेपर्यंत पाण्यात उभ्या होत्या.

सरपंचताई त्यांच्याकडे वळल्या. "बाई, मला पन शिकवा."

"कधीपासून?"

"आताच."

"मग इथूनच उतर," बाई म्हणाल्या. "इथं पाणी कमी आहे."

सरपंचताईंनी पलीकडच्या धुण्याच्या बाजूकडे बोट केलं. "नाय. तिथून."

त्या मुलीचा हात धरून तळ्याला वळसा घालून परत आल्या. बाई पोहत आल्या. धुण्याच्या बाजूला सगळ्या मुली आपोआप सरकून बसल्या, मधली जागा मोकळी झाली. सरपंचताईंनी पदर कमरेला खोचला आणि एकेक पायरी उतरायला लागल्या. पाण्याला पाय लागला त्या पायरीवर थांबल्या. बराच वेळ थांबल्या. कुणी त्यांना बोलावलं नाही, बाईंनीही नाही. मग त्यांनी मुलीचा हात सोडला आणि खालच्या पायरीवर पाय ठेवला.